बाबुरावांच्या नावाचा वाइस

गोकुळदासने पाठवलेला वाइस टेम्पोतून उतरला तेव्हा त्याला गुलाबी रिबन बांधलेली होती. माझे तोंड कडू व्हायला तिथूनच सुरुवात झाली.

वाइस म्हणजे बाकाला पक्का बसवायचा लोखंडी जबडा. मधे वस्तू ठेवायची, पुढचा दांडा फिरवायचा, की ती घट्ट धरली जाते आणि आपले दोन्ही हात कामाला मोकळे राहतात. मुलांना मी सांगतो, हा तुमचा तिसरा हात. त्या हाताला रिबन बांधून कोणी आणेल असे मला कधी वाटले नव्हते.

इब्रामपूरला माझ्या घरामागे एक मांगर, म्हणजे शेतीचे सामान ठेवायचे खोपट, आहे. पूर्वी तिथे गवत आणि शेणी असत. डिचोलीच्या हायस्कूलमध्ये मी मुलांना सुतारकाम आणि कानसकाम शिकवत असे. निवृत्त झाल्यावर मांगर झाडून काढला, फणसाच्या जाड फळ्यांचा बाक ठोकला, भिंतीवर हत्यारे टांगली. रविवारी आमच्या वाड्यावरची, म्हणजे वस्तीतली, मुले येतात. कोणी पाट करते, कोणी पक्ष्यांसाठी घरटे, कोणी नुसतेच खिळे वाकडे करते. तेही शिकणेच आहे.

माझा जुना वाइस यंदा पावसाळ्यात कामातून गेला. स्क्रूचे आटे इतके झिजले की दांडा गरगर फिरायचा आणि जबडा जागचा हलायचा नाही. नवा घ्यायला मुलांना डिचोलीच्या बाजारात न्यायचे मी ठरवले होते. हत्यार निवडणे हा कामातला पहिला धडा असतो आणि तो दुकानातच शिकावा लागतो. पण ही गोष्ट देवळाच्या पटांगणात गोकुळदासच्या कानावर गेली. त्याचे बांधकामाच्या सामानाचे मोठे दुकान आहे, दोन टेम्पो आहेत, आणि गावात कुठलीही वस्तू आपल्या नावाशिवाय राहू नये असा त्याचा निश्चय आहे. चार माणसांत त्याने जाहीर केले की मुलांचा वाइस माझ्याकडून. नको म्हणायला मला तोंड उरले नाही.

रिबन सोडून मी वाइस पाहिला. चकचकीत निळा रंग, चांदीसारखा दांडा, आणि कुशीवर पिवळ्या ठसठशीत अक्षरांत गोकुळदासच्या वडिलांचे नाव: 'कै. बाबुराव यांच्या स्मरणार्थ, गोकुळदास आणि कुटुंब'. आमच्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यांवरसुद्धा देणगीदाराचे नाव असते. पंखा फिरायला लागला की नाव दिसत नाही, तेवढेच बरे वाटते. वाइस मात्र फिरत नाही.

नावाचे मी सोसले असते. पण रंग जबड्यांच्या दातांतही भरला होता, जिथे लोखंडाने लोखंडाला धरायचे असते. रंग आट्यांवरही होता. दांडा फिरवला तशी आट्यांतून निळ्या सालपटांची आणि वाळू मिसळलेल्या ग्रीसची चिकट पेस्ट बाहेर येऊ लागली. बोटांना शिळ्या वार्निशचा वास लागला. साबणाने हात धुतले तरी जेवताना तो वास घासाबरोबर येत होता. मी अर्धे ताट टाकून उठलो.

जबडे मिटून उजेडासमोर धरले तर खाली टेकलेले आणि वर फट. म्हणजे वस्तू खालून धरली जाणार आणि वरून थरथरणार. मी गोकुळदासला फोन करून हे सांगितले. तो हसला आणि म्हणाला, "मास्तर, भुरग्यांक इतक्यान भागता."

हे वाक्य मी नोकरीभर ऐकले आहे. मुलांना बोथट पटाशी भागते, मुलांना गाठींचे लाकूड भागते, मुलांना पाय डुगडुगणारा बाक भागतो. मोठ्या माणसाच्या हातात जे द्यायची लाज वाटते ते मुलांच्या हातात देताना कोणालाच काही वाटत नाही. बोथट पटाशी धारेच्या पटाशीपेक्षा जास्त बोटे कापते, हे मी किती जणांना सांगितले असेल. मोठी माणसे मान डोलावतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोथट पटाशी पाठवतात. 

तरी काम थांबवता येईना, कारण सिद्धीची आडोळी, म्हणजे नारळ खवायची विळी, अर्धवट होती.

सिद्धी आठवीत आहे. तिचा बाप तुषार दोडामार्गकडचा. डिचोलीत ट्रक चालवतो आणि आमच्या वाड्यावर भाड्याने राहतो. तिच्या आईची, देवकीची, आडोळी फार जुनी. पाटाला बसवलेले ते पाते इतके हलायचे की नारळ खवताना खोबऱ्याऐवजी बोट सोलायचे. दिवाळीला आमच्याकडे फोव, म्हणजे पोहे, करतात, गोडाचे, तिखटाचे, ताकातले, आणि प्रत्येकात मूठ-मूठ खवलेला नारळ. त्याआधी आईला स्वतःच्या हाताने नवी आडोळी करून द्यायची, असे सिद्धीने ठरवले. तुषारने ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा एक पातळ तुकडा आणून दिला. पण त्याने अटही घातली. दिवाळीपर्यंत आडोळी पुरी झाली तर मांगरात खुशाल जा. नाहीतर हे लोखंड घासणे बंद आणि रविवारी गणिताचा क्लास. सिद्धी गणितात कच्ची नाही. तुषारच्या मनात दुसरेच होते. मुलीच्या जातीला हे जमेल का, याचा त्याला एकदा निकाल लावायचा होता.

पाट्याचे लोखंड फार कडक. ते आम्ही चुलीत लाल करून रात्रभर राखेत निवू दिले, तेव्हा त्याला कानस लागू लागली. सिद्धीने पात्याचे डोके गोल करून घेतले. आता त्या गोलाईवर तिकोनी कानशीने दात पाडायचे होते. हे काम नाजूक. दातामागून दात सारख्या खोलीचा यावा लागतो, आणि पाते जराही हलले तर कानस उडते. दसऱ्यानंतर बाजारात जाऊ, तोवर या निळ्या वाइसवर हलक्या हाताने करू, असे मी म्हणालो. जबड्यांत लाकडाच्या पट्ट्या घातल्या, पाते शक्य तितके खाली धरायला शिकवले. पण पाते थरथरले ते थरथरलेच. कानस कर्कश ओरडायची, मधेच उडायची आणि शेजारच्या दातावर ओरखडा काढायची. एकदा सिद्धीच्या बोटाची साल गेली. तिने बोट तोंडात धरले आणि पुन्हा कानस उचलली.

एका रविवारी मला फोंड्याला जावे लागले. परत आलो तर वाइसचा दांडा किंचित वाकलेला होता आणि पात्यावर दोन दात तिरके पडले होते. सिद्धी बाकाजवळ उभी होती. काय झाले विचारले तर ती दांड्याबद्दल काहीच बोलली नाही.

"सर, माझो हात वायट आसा," एवढेच म्हणाली.

मी वाइसचा दोष समजावून सांगितला, फट दाखवली. तिने ऐकून घेतले. पण मूल आपला शब्द मनात घेते की नुसते मान देऊन ऐकते, हे इतक्या वर्षांनंतर मला कळते. ती मान देत होती. चकचकीत निळ्या नव्या वस्तूत दोष असेल हे तिला पटतच नव्हते. हात मात्र तिचाच होता, जुना, ओळखीचा. त्याच्यात दोष मानणे सोपे होते.

दसऱ्याला सगळीकडे हत्यारांची पूजा होते. मांगरात आम्ही कानशी, करवती, रंधे पुसून मांडले, झेंडू वाहिला. गोकुळदास पांढरे कपडे घालून आला, सोबत मोबाइलवर फोटो काढणारा एक माणूस. मुलांचे आईबापही आले होते. तुषारही आला होता. निळ्या वाइसला एवढे हळदकुंकू फासले गेले की आट्यांत लालपिवळा चिखल झाला. तो उद्या खरवडायचा कोणी, हा विचार माझ्या मनात आला.

मग गोकुळदासने गाऱ्हाणे घातले. आमच्याकडे शुभ कामाआधी मोठा माणूस देवाला मोठ्याने सांगणे करतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला होकार देतात. त्याने हात जोडून देवाला सांगितले की बाबुरावांच्या नावाने दिलेली ही वस्तू भुरग्यांच्या कामी येऊ दे. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. वस्तू पिढ्यान्‌पिढ्या टिकू दे. व्हय म्हाराजा. कोणाची वाईट नजर लागली असेल तर ती बाहेरच्या बाहेर जाऊ दे. व्हय म्हाराजा.

नारळ वाढवायला मी उंबऱ्याचा दगड दाखवला. गोकुळदासला फोटोत नाव यायला हवे होते. त्याने नारळ उचलला आणि वाइसच्या पाठीवर हाणला. नारळ फुटला नाही. दुसऱ्यांदा त्याने जोर लावला. नारळ तसाच राहिला आणि वाइसच्या कुशीतून हाताएवढा एक निळा पापुद्रा सुटून बाकावर पडला. त्यावर 'कै. बाबु' इतकी अक्षरे होती. पापुद्र्याच्या जागी आडवी भेग, पार जबड्यापर्यंत गेलेली.

मागून कोणीतरी सवयीने म्हणाले, "व्हय म्हाराजा."

हसायला कोणी धजले नाही. गोकुळदासचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. त्याची नजर दांड्यावर गेली आणि त्याला वाट सापडली. पोरांनी नक्की पायप घातला, म्हणाला, दांडा बघा कसा वाकलाय, एवढी दणकट वस्तू दिली आणि महिनाभर टिकवता आली नाही. दांड्यावर लांब नळी चढवून जोर लावणे याला आमच्याकडे पायप घालणे म्हणतात. ट्रकवाले चाकाचे नट असेच सोडवतात. वाइसला मात्र ते कधी करू नये. त्याचा दांडा हाताच्या जोराला पुरेल इतकाच लांब केलेला असतो.

सिद्धी पुढे आली. 

"मीच घातलेलो पायप. बाबा घालतत तसो."

तुषारने तिच्याकडे पाहिले, मग बाकावरच्या पापुद्र्याकडे, मग जमिनीकडे. "चल घरा," तो हळूच म्हणाला. निकाल लागला होता. मुलीला जमत नव्हते, वर गावाची वस्तूही मोडली होती.

मी त्याला जरा थांबायला सांगितले. भंगाराच्या पेटीतून मोडक्या पंपाचा बिडाचा तुकडा काढला. वाइसही बिडाचाच, ओतीव लोखंडाचाच, असतो. तो तुकडा दगडावर ठेवला, सिद्धीच्या हातात घण दिला आणि म्हटले, फोड. ती गोंधळली, पण तिने घाव घातला. तुकडा कडकन मोडला. आत काय दिसते ते सगळ्या मुलांना पाहायला लावले. साईशला, जो प्रत्येक गोष्टीला खाण्याची उपमा देतो, ते जाड्या मिठासारखे दिसले. करडे आणि चमचमणारे. बरोबर होते. आत्ता मोडलेले बीड असेच दिसते.

"आता वाइसच्या भेगेत बघ," मी सिद्धीला म्हणालो. "घाई नको. रंग सांग."

तिने वाकून पाहिले. मग खिळ्याने भेग टोकरली. खिळ्याबरोबर पिवळट, मेणासारखा भुगा बाहेर आला, आणि त्याच्या मागून गंज. ओला, दाट, सडलेल्या पानासारखा.

"तांबडो," ती म्हणाली. तिने खिळ्याचे टोक उजेडाकडे धरून पाहिले. मग म्हणाली, "सर, हो आधीच मोडलेलो."

तुषारने भुगा चिमटीत धरून नाकाशी नेला. "लांबी ही," तो म्हणाला. "केबिनचो पत्रो चेपलो काय रंगाआधी भरतत ती."

तो वास मला पहिल्या दिवसापासून बोटांना लागत होता. उघड्या भेगेतून आता तो सगळ्या मांगरात पसरला. कुंकवाच्या चिखलात लांबीचा भुगा पडला होता, त्यावर माशी बसली होती, आणि देवाला आत्ताच सांगून झाले होते की हे पिढ्यान्‌पिढ्या टिकू दे. मला शिसारी आली. वस्तू मोडकी निघाली म्हणून नव्हे. मोडक्या वस्तू मी पुष्कळ पाहिल्या आहेत, जुळवल्याही आहेत. मोडके झाकायला कोणीतरी बसून लांबी भरली, ती घासून गुळगुळीत केली, वर बापाचे नाव घातले, आणि एवढी मेहनत करून ते मुलांकडे पाठवले, याची.

गोकुळदास म्हणाला की बंद पडलेल्या एका वर्कशॉपच्या भंगारात तो मिळाला, रंगवणाऱ्याने काय केले ते आपल्याला कसे कळणार. आणि मग, कोणी विचारले नसताना, पुन्हा तेच म्हणाला की मुलांच्याच कामाला तर होता.

"तुझ्या दुकानातल्या मिस्त्रीला दिला असतास हा?" मी विचारले.

तो फोटोवाल्याला म्हणाला की चल, अजून दोन ठिकाणी जायचे आहे.

ते गेल्यावर मी सिद्धीला बाकाजवळ बोलावले, तुषारच्या समोरच. "पायप घालणे चूक. दांडा तुझ्यामुळे वाकला, तो तू सरळ करायचा. भेग तुझी नाही."

तिने मान हलवली. या वेळी ती मान देत नव्हती. तिने भेगेत पुन्हा एकदा खिळा घालून पाहिला. तुषारने पुन्हा घरी चल म्हटले नाही.

पुढच्या रविवारी मुलांनी विचारले, आज काय करायचे. मी त्यांना तारेचे ब्रश दिले आणि सांगितले, हा वाइस आत जसा आहे तसा बाहेर दिसू दे. दिवसभर ती त्याला भिडली. निळा रंग गेला, पिवळी अक्षरे गेली, कुंकवाचा चिखल गेला. कुशीतून एवढी लांबी निघाली की साईशने तिचा लाडू वळून दाखवला. खाली जुने, खडबडीत, तीन ठिकाणी तडकलेले बीड राहिले. त्याला तेल लावल्यावर ते मला पहिल्यांदाच बरे दिसले. निदान खोटे बोलत नव्हते.

मग आम्ही डिचोलीच्या बाजारात गेलो. मी दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो, निवड सिद्धीवर सोपवली. दुकानदाराने आधी सगळ्यात मोठा आणि लाल रंगाचा पुढे केला. तिने जबडे मिटून उजेडासमोर धरले. मग दोन्ही टोकांना कागदाचे कपटे धरून ओढून पाहिले. एक अडकला, एक सुटला. तो बाजूला. दुसऱ्याचा जबडा पूर्ण बाहेर काढून हलवला, तो सैल दातासारखा डुगडुगला. तोही बाजूला. तिसरा उलटा करून बुडाचा रंग खिळ्याने खरवडायला लागली तेव्हा दुकानदार वैतागला.

"बाय, स्थळ बघूक इलंस काय?"

"स्थळाचो रंग खरवडूक देतत खंय," साईश म्हणाला.

दुकानदार हसला आणि आतून एक लहान, मळकट हिरवा वाइस घेऊन आला. ओतकामाच्या रेघा तशाच राहिलेल्या, कोणी उचलत नाही म्हणून मागे पडलेला. सिद्धीने कागद धरला, दोन्ही टोके अडकली. जबडा हलवला, हलला नाही. आट्यांवरून बोट फिरवले आणि बोट हुंगले. नुसते तेल. तिने माझ्याकडे पाहिले नाही. दुकानदाराला म्हणाली, "हो द्या."

तो आम्ही बाकाच्या पायावर बरोबर बसवला, म्हणजे घाव पायातून जमिनीत जातात, आणि सिद्धीच्या कोपराच्या उंचीला येईल असा. उंच मुलांना थोडे वाकावे लागेल. वाकतील.

दिवाळीला थोडे दिवस उरले होते. सिद्धीने तिरके दात घासून काढले आणि डोके पुन्हा गोल करून नव्याने सुरुवात केली. या वेळी कानस ओरडली नाही. पाते गप्प राहिले आणि लोखंडाचा बारीक भुगा जबड्यावर पडत राहिला. एका संध्याकाळी तुषार ट्रक उभा करून थेट मांगरात आला. दारात उभा राहून तो बराच वेळ तिचा हात बघत होता. नंतर त्याने विचारले, पाट कुठल्या लाकडाचा करणार. क्लासचे नाव त्याने काढले नाही.

तो तिथे असतानाच गोकुळदास आला. म्हणाला, तो वाइस परत न्यायला आलोय, नीट करून घेतो, दुसऱ्या गावच्या शाळेतून मागणी आहे. मी कोपऱ्याकडे बोट दाखवले. तेल लावलेला, भेगा उघड्या असलेला तो वाइस त्याने आधी ओळखलाच नाही. मग चारी बाजूंनी पाहिला.

"माझ्या बापाशीचा नाव खंय?"

बाबुरावांना मी ओळखत होतो. त्यांच्या दुकानातला दोर ते गिऱ्हाइकासमोर गुडघ्याला लावून ओढून दाखवीत आणि मगच कापून देत. हे मी गोकुळदासला सांगणार होतो. पण सिद्धीने आधी उत्तर दिले. तिने कानस थांबवली, दाताच्या खाचेतला भुगा फुंकला आणि अगदी सरळ, विचारले म्हणून सांगितले, "ता लांबीयेर होता."

गोकुळदासने भेगेवरून बोट फिरवले. वाइस त्याने उचलला नाही. असा उघडा तो कोणाला देता येण्यासारखा नव्हता. तो गेल्यावर तुषारने वाकून मुलीच्या पात्यावरून अंगठा फिरवला आणि झटकन मागे घेतला. अंगठ्यावर बारीक लाल रेघ उमटली होती.

"लागता," तो म्हणाला.

"लागूकच होया," सिद्धी म्हणाली आणि पुढच्या दाताला कानस लावली.